अमेरिकेतील संरक्षण संशोधन आणि लघुउद्योग : एस.बी.आय.आर. कार्यक्रमाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संरक्षणविषयक संशोधनाचा जो विस्तार झाला, तो प्रामुख्याने तीन प्रकारच्या संस्थांच्या आधारे झाला : शासकीय प्रयोगशाळा, मोठी विद्यापीठे आणि विमाने, क्षेपणास्त्रे व युद्धनौका बनविणाऱ्या बलाढ्य कंपन्या. या रचनेत लहान उद्योगाचे स्थान सुट्या भागांचा पुरवठादार एवढेच होते. लहान उद्योग हाही संशोधनाचा कर्ता असू शकतो, या विचाराला कायद्याचे रूप मिळण्यास १९८२ हे वर्ष उजाडावे लागले. प्रस्तुत लेखात ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’ म्हणजेच एस.बी.आय.आर. या कार्यक्रमाची जडणघडण, संरक्षण खात्यातील त्याचा अनुभव आणि त्याच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

युद्धकाळात, १९४२ मध्ये, लहान कारखान्यांना युद्धसामग्रीच्या उत्पादनात वाटा मिळावा म्हणून अमेरिकी शासनाने एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले होते. १९५३ मध्ये ‘स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही कायमस्वरूपी संस्था अस्तित्वात आली. तथापि या दोन्ही उपाययोजनांचा रोख कर्ज आणि उत्पादनाची कंत्राटे यांवर होता. संशोधन हा त्यांचा मुख्य विषय नव्हता.

१९७० च्या दशकात परिस्थिती बदलली. जपानी व युरोपीय मालाच्या स्पर्धेमुळे अमेरिकी उद्योगाच्या नवनिर्मितीक्षमतेविषयी चिंता व्यक्त होऊ लागली. याच सुमारास नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी लहान उद्योगांना टप्प्याटप्प्याने संशोधननिधी देण्याची योजना आखली व ती १९७७ मध्ये सुरू झाली. कल्पना प्राथमिक अवस्थेत असताना खाजगी भांडवलदार धोका पत्करत नाही. तो धोका शासनाने अल्प रकमेने उचलावा आणि कल्पना सिद्ध झाल्यावर पुढील भार बाजाराने उचलावा, हे तिचे सूत्र होते. १९८० च्या बे-डोल कायद्याने शासकीय निधीतून लागलेल्या शोधाचे पेटंट स्वतःकडे ठेवण्याचा हक्क विद्यापीठांबरोबर लहान उद्योगांनाही दिला. १९८१ मध्ये संरक्षण खात्यानेही टिबेट्स यांच्या नमुन्यावर आपली योजना राबविली.

१९८२ चा कायदा

२२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी लघुउद्योग नवनिर्मिती विकास कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्या केंद्रीय खात्यांचा बाहेरून करून घ्यावयाच्या संशोधनाचा खर्च वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा अधिक असेल, त्यांनी त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा ५०० पर्यंत कर्मचारी असलेल्या उद्योगांसाठी राखून ठेवावा, ही त्यातील मुख्य तरतूद होती. हा हिस्सा आरंभी ०.२ टक्के होता व तो क्रमाने १.२५ टक्क्यांपर्यंत वाढावयाचा होता. १९९२ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा २.५ टक्के, तर २०११ च्या दुरुस्तीने ३.२ टक्के करण्यात आली.

या तरतुदीला विद्यापीठीय वर्तुळातून विरोध झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकूण रक्कम न वाढविता त्यातून लहान उद्योगांचा वाटा काढला, तर मूलभूत संशोधनाचा निधी आटेल, असा त्यांचा आक्षेप होता. १९९२ मध्ये सुरू झालेल्या एस.टी.टी.आर. या जोडकार्यक्रमाने या प्रश्नाला अंशतः उत्तर दिले. त्यात किमान ४० टक्के काम लहान उद्योगाने आणि किमान ३० टक्के काम विद्यापीठाने किंवा ना-नफा संशोधनसंस्थेने करावे, असे बंधन आहे.

कार्यक्रमाचे तीन टप्पे होते. १९८० च्या दशकात पहिल्या टप्प्यात कल्पनेची शक्यता तपासण्यासाठी सुमारे ५० हजार डॉलर, तर दुसऱ्या टप्प्यात नमुना तयार करण्यासाठी सुमारे ५ लाख डॉलर दिले जात. तिसरा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन व विक्री. त्यासाठी मात्र कार्यक्रमातून एक डॉलरही मिळत नाही. पैसा खाजगी गुंतवणुकीतून किंवा खात्याच्या नेहमीच्या खरेदीतून यावा लागतो.

संरक्षण खात्याचा अनुभव

एस.बी.आय.आर. निधीचा सर्वांत मोठा वाटा, साधारणतः निम्मा, संरक्षण खात्याचा राहिला आहे. या खात्याचे वेगळेपण असे की ते संशोधनास पैसा देणारेही असते आणि तयार वस्तूचे ग्राहकही असते.

याचे बोलके उदाहरण नौदलातील आहे. १९८० च्या दशकात सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज झपाट्याने कमी होत गेला व त्यांचा माग काढण्यातील अमेरिकेची आघाडी धोक्यात आली. खास लष्करासाठी घडविलेले संगणक महाग होते आणि ते बदलण्यास अनेक वर्षे लागत. व्हर्जिनिया राज्यातील ‘डिजिटल सिस्टीम रिसोर्सेस’ या लहान कंपनीने एस.बी.आय.आर. निधीतून बाजारातील सर्वसाधारण प्रोसेसर सोनारसाठी वापरण्याचे तंत्र विकसित केले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नौदलाने त्यावर आधारित प्रणाली पाणबुड्यांवर बसविली आणि ती ठरावीक कालावधीने अद्ययावत करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे २००३ मध्ये ही कंपनी जनरल डायनॅमिक्स या बलाढ्य कंपनीत विलीन झाली. येथे लहान कंपनीची कल्पना यशस्वी झाली, कारण नौदलातील खरेदी करणारा विभाग आरंभापासून तिच्या पाठीशी होता.

सर्वांना असा पाठिंबा लाभला नाही. दुसरा टप्पा यशस्वीपणे पूर्ण करूनही खरेदीच्या अंदाजपत्रकात स्थान न मिळाल्याने असंख्य नमुने प्रयोगशाळेतच राहिले. खात्याचे अंदाजपत्रक वर्षे आधी ठरते, लहान कंपनीला मात्र दरमहा वेतन द्यावे लागते. या दोन कालगणनांचा मेळ बसत नाही, हे त्यामागील मूळ कारण होय.

मूल्यमापन

अर्थशास्त्रज्ञ जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निधी मिळालेल्या कंपन्या तुल्य कंपन्यांपेक्षा वेगाने वाढल्या. परंतु ही वाढ साहस-भांडवल मुबलक असलेल्या भागांपुरती सीमित होती आणि एकाच कंपनीला वारंवार निधी दिल्याने अधिक लाभ झाला नाही. वर्षानुवर्षे केवळ शासकीय निधीवरच जगणाऱ्या कंपन्यांविषयीची टीका या निष्कर्षाशी सुसंगत आहे.

विषय कोणी ठरवावा, हा दुसरा प्रश्न. पारंपरिक पद्धतीत लष्कर नेमकी गरज जाहीर करी व कंपन्या तिच्यासाठी प्रस्ताव देत. २०१८ पासून अमेरिकी वायुदलाने, कंपन्यांनीच विषय सुचवावेत, अशी खुली पद्धतही सुरू केली. सॅब्रिना हॉवेल व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात खुल्या पद्धतीतील विजेत्या कंपन्यांना साहस-भांडवल आणि कार्यक्रमाबाहेरील लष्करी कंत्राटे मिळण्याची शक्यता वाढल्याचे आढळले. पारंपरिक पद्धतीत मुख्यतः पुन्हा एस.बी.आय.आर. निधी मिळण्याचीच शक्यता वाढली.

हा वाद संसदेतही पोहोचला. वारंवार निधी घेणाऱ्या कंपन्यांवर मर्यादा घालावी की नाही, यासारख्या मुद्द्यांवर एकमत न झाल्याने ३० सप्टेंबर २०२५ रोजी कार्यक्रमाची वैधानिक मुदत नूतनीकरणाविना संपली. ४३ वर्षांचा कार्यक्रमही कायमस्वरूपी मानला गेला नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. निधीचा हिस्सा राखून ठेवल्याने लहान उद्योगाला संशोधनाचे दार उघडते. परंतु त्या दारातून पुढे जाण्यासाठी ग्राहकाची हमी लागते. दुसरे, संशोधनाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ देणाऱ्याकडे राहिल्यास घेणारा त्याच्यावर अवलंबून राहतो.

भारताच्या दृष्टीने हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. २०१८ मध्ये भारत सरकारने नवउद्योगांसाठी ‘आयडेक्स’ योजना सुरू केली आणि २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्था यांच्यासाठी खुली करण्याची घोषणा झाली. हे प्रमाण अमेरिकी हिश्श्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. मात्र त्याचे यश किती नमुने तयार झाले यावरून नव्हे, तर त्यांपैकी किती सैन्याच्या वापरात आले यावरून ठरेल. महाविद्यालये व विद्यापीठे या तरतुदीत भागीदार म्हणून उल्लेखिलेली असल्याने अमेरिकी अनुभवाचा अभ्यास त्यांच्यासाठीही उपयुक्त ठरणारा आहे.