विचित्र कणांची जन्मकथा

शोधाचें श्रेय कोणास द्यावयाचें, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत वाटतो तितका सोपा नाहीं. लॅम्डा कणाचेंच पाहा. १९४७ सालीं मँचेस्टर येथें रॉचेस्टर व बटलर यांस मेघपेटींत दुबेळक्यासारख्या दोन खुणा दिसल्या. पुष्कळ लेखक लॅम्डाचा जन्म तेथूनच धरतात. आम्हांस हें मान्य नाहीं. त्या खुणा आज के-मेसॉनांच्या मानल्या जातात. खरें श्रेय १९५० सालीं मेलबर्न विद्यापीठांत काम करणाऱ्या हॉपर व सुकुमार बिस्वास यांचें. उंच आकाशांत पाठविलेल्या छायाचित्रण-इमल्शनांत त्यांना हा नवा कण मिळाला. हेच बिस्वास पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, व १९८५ सालीं त्यांचा ‘अनुराधा’ हा विश्वकिरणांवरील प्रयोग अमेरिकन अवकाशयानांतून गेला. आमच्या संगमनेरच्या विद्यार्थ्यांस भाभांचें नांव ठाऊक असतें, बिस्वासांचें क्वचितच.

या कणांस ‘विचित्र’ कां म्हणावें? जो इतक्या सहज जन्मतो त्यानें तितक्याच लौकर, म्हणजे १ सेकंदाच्या १ वर २३ शून्यें इतक्याव्या भागांत, नाहींसें व्हावयास हवें होतें. लॅम्डा त्याहून सुमारें १ वर १३ शून्यें इतक्या पट अधिक जगतो! १९५२ सालीं पाइस यांनीं सुचविलें कीं, हे कण जोडीनेंच जन्मत असावे. पुढल्याच वर्षीं गेल-मान व निशिजिमा यांनीं परस्परांस न विचारतां त्यांस ‘विचित्रता’ हा नवा अंक बहाल केला.

याची कसोटी प्रकाशानें फार नामी लागते. फोटॉनास विचित्रता नाहीं, प्रोटॉनासही नाहीं. तेव्हां दोघांच्या टकरींतून लॅम्डा निघाला, तर त्याचा उणा एक फेडण्यास अधिक एकाचा के-मेसॉन बरोबर आलाच पाहिजे. यास ऊर्जा किती लागते? वस्तुमानांच्या वजाबाकीनें ६७१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. पण प्रत्यक्षांत ९११ लागते. कारण आलेला संवेग जपावयाचा, म्हणून नव्या जोडीस स्वस्थ बसतां येत नाहीं. तिला पुढें धांवावेंच लागतें, आणि उरलेली ऊर्जा त्या धांवण्यांत खर्ची पडते. वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आपटून असे फोटॉन मिळविण्याचें काम कॉर्नेल व कॅल्टेक येथील सिंक्रोट्रॉनांनीं १९५० नंतरच्या दशकांत केलें, आणि जोडी दिसली. लॅम्डाची आणखी एक सोय अशी कीं, तो मरतांना प्रोटॉन ज्या बाजूस अधिक फेंकतो त्यावरून त्याच्या गिरकीची दिशा कळते. वेगळें यंत्र लागत नाहीं.