शस्त्रक्रियापूर्व तयारी

शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला शरीराने व मनाने सिद्ध करण्याची प्रक्रिया. मूळव्याध, मूतखडा, भगंदर इत्यादींची शस्त्रकर्मे उपाशीपोटी करावीत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे.

आधुनिक पद्धतीत रक्त, लघवी, रक्तदाब व गरजेनुसार ईसीजी तपासतात. नियोजित शस्त्रक्रियेत भूल देण्यापूर्वी सामान्यतः 6 तास हलके अन्न व 2 तास पाणी वर्ज्य असते. त्यामुळे पोटातील अन्न उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका कमी होतो. कवळी व दागिने काढून ठेवतात. नेलपॉलिशही पुसतात, कारण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या नोंदीत त्याने फरक पडू शकतो. माहिती समजावून देऊन संमतिपत्रावर सही घेतात.

हैदराबादेत एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने 1888 व 1889 मध्ये निजामाच्या आश्रयाखाली क्लोरोफॉर्म या त्या काळी भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्याच्या अभ्यासासाठी दोन आयोग नेमले गेले. भूल देताना श्वसनावर लक्ष ठेवावे, यावर त्यांनी भर दिला. मात्र क्लोरोफॉर्ममुळे हृदय थेट बंद पडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला.

रक्त पातळ करणारी व मधुमेहाची औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.