काव्हूरचं टेबल

माझा भाचा इटलीत तुरिनला शिकतो. मागच्या आठवड्यात त्याने एक फोटो पाठवला. एका जुन्या हॉटेलच्या दाराबाहेर काचेच्या चौकटीत लावलेलं मेन्यूकार्ड. खाली लिहिलं होतं, "मामा, एका माणसाच्या जेवणात माझा महिन्याचा किराणा येईल. आत जातं तरी कोण?"

हॉटेलचं नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. देल काम्बिओ. १७५७ सालचं. म्हणजे प्लासीची लढाई झाली त्या वर्षी हे हॉटेल सुरू झालं. काम्बिओ म्हणजे बदल. कुणी म्हणतं इथे टपालगाड्यांचे घोडे बदलायचे, कुणी म्हणतं सराफ नाणी बदलून द्यायचे. आत लाल मखमल, सोनेरी नक्षी, मोठमोठे आरसे. आणि समोर, चौक ओलांडला की कारिन्यानो राजवाडा. १८६१ साली एक झालेल्या इटलीची पहिली संसद तिथेच भरली.

त्याला लिहिलं, "अरे, आत कोण जातं ते सोड. आत कोण जात होतं ते विचार."

आत जात होता काव्हूर.

आपल्याकडे इटलीच्या एकीकरणाचा विषय निघाला की मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनी मराठीत आणला, तेव्हापासून ही नावं आपल्या घरची झाली. काव्हूर मात्र शाळेच्या पुस्तकात तिसऱ्या नंबरवर, परीक्षेपुरता. साहजिक आहे. मॅझिनी परदेशात दिवस काढत होता, गॅरिबाल्डी लाल सदऱ्यात लढत होता, आणि हा गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला जमीनदार हॉटेलच्या खिडकीशी बसून जेवत होता. पण देश प्रत्यक्षात जुळवला तो बराचसा यानेच. वाटाघाटी, कर्ज, रेल्वे, फ्रान्सशी सौदे, सगळं. त्याची ती जागा हॉटेलने आजही जपली आहे. सांगतात की खिडकीतून त्याला सरकारी कचेरी दिसायची, आणि काही तातडीचं असलं की समोरून माणूस खूण करायचा. मग साहेब नॅपकिन ठेवून उठायचे.

हा माणूस राजकारणाचा विचारही ताटाच्या भाषेत करायचा. १८६० साली गॅरिबाल्डीने सिसिली घेतलं तेव्हा काव्हूरने पॅरिसमधल्या आपल्या माणसाला जे लिहिलं त्याचा मतलब असा : संत्री टेबलावर आलीच आहेत, ती आपण खाणार; मॅकरोनी अजून शिजायची आहे, थांबू. संत्री म्हणजे सिसिली, मॅकरोनी म्हणजे नेपल्स. लाखो माणसांचे प्रदेश, आणि हा कोर्स लावतोय! वाचताना हसू येतं, मग जरा वेळाने येत नाही.

आणखी एक गंमत. ते पत्र फ्रेंचमध्ये होतं. काव्हूर फ्रेंचमध्ये वाढला, इटालियन त्याला सफाईने येत नसे. देश एक झाला तेव्हा सगळ्या इटलीत प्रमाण इटालियन बोलता येणारे शंभरात तीनसुद्धा नव्हते, असा भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. राजवाड्यातली मेन्यूकार्डंसुद्धा विसावं शतक उजाडेपर्यंत फ्रेंचमध्येच. "इटालियन जेवण" असं काही एक होतं असं बड्या लोकांनाच वाटत नव्हतं. तो घाट घातला १८९१ साली पेल्लेग्रीनो आर्तूझी नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्याने. पदरचे पैसे घालून पुस्तक छापलं, पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती, आणि नंतर घरोघरच्या बायकांची पत्रं येत गेली तसं ते वाढत १९११ पर्यंत ७९० वर गेलं. म्हणजे देश आधी झाला, त्याचं जेवण मागून आलं.

आता काव्हूरच्या ताटात काय असायचं? त्याच्या आवडीचा म्हणून जो पदार्थ सांगितला जातो तो फिनान्झिएरा. कोंबड्याचा तुरा, गळ्याखालची लोंबती कातडी, काळीज, वासराच्या ग्रंथी, हे सगळं मार्साला वाइन आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेलं. कोंबडे खच्ची करताना शेतकऱ्याकडे जे उरायचं, त्यातून निघालेला पदार्थ. पुढे तो शहरात आला, सावकार लोकांना आवडला, आणि नाव पडलं त्यांच्या लांब कोटावरून, असं म्हणतात. आपल्याकडे वजडी-मुंडी खाणाऱ्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. चांदीच्या भांड्यात आलं की तीच वजडी "पारंपरिक" होते.

पण मला खरं बोलायचंय ते भाताबद्दल.

पिडमाँटच्या कुठल्याही भारी हॉटेलात रिझोतो असतोच. हा तांदूळ तुरिनच्या पूर्वेला व्हेर्चेल्लीच्या पट्ट्यात पिकतो. काव्हूर राजकारणात येण्याआधी तिथेच होता. १८३५ पासून लेरीची शेती तो बघायचा, भाताचीच. हा नुसता बसून खाणारा जमीनदार नव्हता. खतं, यंत्रं, पाणी, सगळ्यात डोकं घालायचा. तो १८६१ च्या जूनमध्ये वारला, अवघा पन्नाशीचा. त्यानंतर १८६३ ते १८६६ मध्ये पो नदीतून ऐंशीहून अधिक किलोमीटरचा कालवा काढला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तीन-साडेतीन वर्षांत, यंत्रं जवळपास नसताना. आपल्याकडच्या कालव्यांची मुदतवाढ आठवून मी गप्प बसतो.

पाणी आलं, भात वाढला. आणि भातात उतरल्या मोंदीने. मोंदारे म्हणजे साफ करणं, निवडणं. मोंदीना म्हणजे बेणणी करणारी बाई. मे महिन्याच्या शेवटापासून साधारण चाळीस दिवस, गुडघाभर पाण्यात, पाय उघडे, कंबर वाकलेली, डोक्यावर मोठी टोपी, भोवती डास आणि हिवताप. लोंबार्दी, एमिलिया, व्हेनेतोमधून आगगाड्या भरभरून बाया यायच्या. कोकणातल्या वाचकांना लावणीचे दिवस वेगळे सांगायला नकोत. फरक एवढाच की या बाया दुसऱ्याच्या शेतात, घरापासून दूर, गवताच्या गाद्यांवर निजत होत्या. काम दहा तास, बारा तास. मजुरीत पैसे आणि दिवसाला किलोभर तांदूळ, असा हिशोब पुढे बरीच वर्षं चालला. "दिवसाला आठच तास" ही मागणी घेऊन त्यांनी संप केले, आणि १९०६ ते १९०९ च्या दरम्यान व्हेर्चेल्लीकडे ती पदरात पाडून घेतली. साऱ्या देशासाठी आठ तासांचा कायदा १९२३ मध्ये आला. शेतमजूर बाया गिरणी कामगारांच्याही पुढे होत्या. १९४९ सालचा "रिझो आमारो", म्हणजे कडू भात, हा सिनेमा त्यांच्यावर आहे. मिळाला तर बघा.

आणि त्या नव्या देशाने गरिबाला पहिल्या दहा वर्षांत काय दिलं? पिठावर कर. तिजोरीत खडखडाट, लढायांची कर्जं डोक्यावर, तेव्हा १ जानेवारी १८६९ पासून दळणावर कर लागला. गव्हाला क्विंटलमागे २ लिरा, मक्याला ८० सेंतेझिमी. गिरणीच्या जात्याला चक्क मीटर बसवला, फेरे मोजणारा. गावोगाव दंगे झाले, लष्कर गेलं, अडीचशेच्या आसपास माणसं मेली. कर पुरता उठायला १८८४ उजाडलं. मिठावरच्या कराची गोष्ट आपल्याला पाठ आहे, कारण तो कर परक्याचा होता. हा स्वतःच्या, नव्या कोऱ्या, लढून मिळवलेल्या राज्याचा होता. उत्तरेकडे मक्याच्या पोलेंतावर जगणाऱ्यांना त्याच काळात पेलाग्रा व्हायचा. कातडी सोलवटायची, पुढे भ्रम. १८८० च्या सुमारास असे रोगी लाखाच्या घरात होते. मग माणसं जहाजात बसली. १८७६ ते पहिलं महायुद्ध, या काळात सव्वा कोटीहून जास्त वेळा लोकांनी इटली सोडल्याची नोंद आहे. कित्येक परतही आले. आज जगभर "इटालियन" म्हणून जे खातात ते बरंचसं या लोकांबरोबर गेलं.

२०२५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक होती. आपल्या दिवाळीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत झाली, त्याच बैठकीत इटालियन स्वयंपाकाचीही झाली. चांगलंच आहे. देल काम्बिओच्या आचाऱ्यांची करामत खोटी नाही, आणि महागड्या हॉटेलात जाणाऱ्यावर माझा रागही नाही. परवडलं तर मीही जाईन, काव्हूरच्या खिडकीशी टेबल मागेन. पण मेन्यूकार्डावरचा "परंपरा" हा शब्द वाचला की मला त्या खिडकीतून न दिसणारं शेत आठवतं. व्हेर्चेल्लीची पानिस्सा म्हणजे तांदूळ, शेंगांतले दाणे, चरबीत मुरवलेलं सॉसेज. भातशेतीतल्या गरीब माणसाचं पोटभरीचं जेवण. तीही आता पांढऱ्या टेबलक्लॉथवर येते, मोठ्या ताटात चार चमचे.

हे सगळं भाच्याला लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग पुन्हा फोटो. हॉटेलचा नव्हे, त्याच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा. एक किलोची तांदळाची पिशवी, वर व्हेर्चेल्ली छापलेलं.

"मामा, याची खिचडी होईल का?"

होईल रे. पण हा तांदूळ चिकट, मऊ होतो. पाणी बेताने घाल, नाहीतर गुरगुट्या भात होईल.