नॅनो अंतरावरील उष्णता मोजणारी वाकती पट्टी

रायपूर : छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे पॉलिमाटेक कंपनीच्या गॅलियम नायट्राइड सेमीकंडक्टर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. हा पदार्थ सिलिकॉनपेक्षा अधिक विद्युतदाब सहन करतो. त्याची खरी कसोटी मात्र इवल्याशा जागेत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढण्यात लागते, आणि त्यासाठी ती आधी मोजता यावी लागते.

उष्णतेचा प्रवाह तापमानातील उताराच्या प्रमाणात असतो, हा जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये मांडलेला नियम नित्याच्या वस्तूंना चोख लागू पडतो. सेमीकंडक्टरमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनलहरींतून वाहते. या लहरी दोन टकरींदरम्यान जेवढे अंतर कापतात, त्याहून थर पातळ असेल तर हा नियम अपुरा पडतो. शिवाय दोन पदार्थांच्या सांध्यावरही उष्णता अडते. तांबे व द्रव हेलियम यांच्या सीमेवरील असा अडथळा प्योत्र कपित्सा यांनी १९४१ मध्ये नोंदवला होता.

येथे नेहमीचा तापमापक कुचकामी ठरतो, कारण त्याचे टोकच मोजायच्या वस्तूहून मोठे असते. तोडगा घरच्या इस्त्रीत आहे. इस्त्री आपोआप बंद होते ती दोन धातूंच्या जोडपट्टीमुळे. एक धातू अधिक प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते. प्रयोगशाळेत केसाहून कितीतरी पातळ अशा सिलिकॉन नायट्राइडच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा देतात. तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर किरण किती सरकला, यावरून तिचे वाकणे आणि त्यावरून उष्णता कळते.

झुरिच येथील आयबीएमच्या संशोधकांनी १९९४ मध्ये अशाच पट्टीने प्लॅटिनमवरील हायड्रोजन-ऑक्सिजन संयोगाची उष्णता टिपली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये गँग चेन यांच्या गटाने २००९ मध्ये पट्टीच्या टोकाला काचेचा सूक्ष्म गोळा चिकटवून तो सपाट पृष्ठभागाजवळ नेला. अंतर काही दशक नॅनोमीटर उरले, तेव्हा प्रारणातून जाणारी उष्णता प्लांक यांच्या नियमाने घातलेल्या मर्यादेच्या सुमारे हजारपट भरली. हा नियम मोठ्या अंतरांसाठी आहे, असे खुद्द प्लांक यांनीच बजावले होते, हे येथे सांगायला हवे.

पद्धतीला पथ्ये आहेत. हवा उष्णता वाहून नेते, म्हणून असे मापन बहुधा निर्वातात होते. लेसरही पट्टीला तापवतो. ती उष्णता हिशेबात धरावी लागते.

तयार चिपमध्ये ही पट्टी बसवली जात नाही. पातळ थर आणि सांध्यांविषयी प्रयोगशाळेत मिळालेले आकडेच, गॅलियम नायट्राइडखाली सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड की हिरा वापरायचा हे ठरवताना कामी येतात.