कोकण किनाऱ्यावरचे मुक्काम आणि खानावळी

डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत महाराष्ट्राला सुमारे 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांनी तो जागोजागी कापला आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली यांच्या खाड्या आत दूरवर शिरतात. त्यामुळे समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्येसुद्धा जमिनीवरून जायचे तर अर्धा दिवस मोडत असे. पूर्वेला घाट, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये खाड्या अशा या पट्टीत येणारा माणूस कुठे उतरणार, काय जेवणार आणि किती दिवस राहणार, हे तो कोणत्या वाटेने आला यावरच ठरत आले. गलबत, आगबोट, एसटी, रेल्वे अशी वाहने बदलत गेली आणि त्यांच्याबरोबर मुक्कामाची गावेही बदलली.

शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, चौल आणि दाभोळ ही किनाऱ्यावरची जुनी बंदरे. चौलचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सेमिल्ला या नावाने येतो. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांवर चालत. वारा फिरेपर्यंत परतता येत नसल्याने व्यापाऱ्याचा मुक्काम दिवसांचा नव्हे, महिन्यांचा असे. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन 1469 च्या सुमारास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तिथे पावसाने त्याला अडकवून ठेवले. परक्या मुलखातले लोक इथे धर्मशाळेसारख्या घरांत उतरतात आणि त्या घरांतल्या बायका त्यांना रांधून घालतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. परतीचे जहाज त्याने दाभोळला पकडले. रेवदंड्याला आता त्याचे स्मारक आहे. बाहेरच्या माणसाला घरातल्या बाईने पैसे घेऊन जेवू घालण्याची रीत या मुलखात किती जुनी आहे, हे त्या नोंदीतून कळते.

व्यापाऱ्यांखालोखाल किनाऱ्यावर येत ते यात्रेकरू. हरिहरेश्वर, गुहागरचा व्याडेश्वर, गणपतीपुळे, देवगडजवळचे कुणकेश्वर ही स्थाने समुद्राला लागून आहेत. त्यांपैकी हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात, कुणकेश्वराला कोकणची काशी. घाटावरच्या अनेक कुटुंबांची कुलदैवते कोकणात असल्याने वर्षाकाठी एकदा तरी कोणी ना कोणी घाट उतरून येई. अशा माणसाची सोय उपाध्यायांकडे होत असे. ओटीवर पथारी, विहिरीवर स्नान, दुपारी केळीच्या पानावर भात, वरण, एखादी उसळ आणि ताक. निघताना पाहुणा दक्षिणा ठेवी. तिचा दर कोणी बोलून दाखवत नसे, पण दोन्ही बाजूंना तो माहीत असे. आज दिवेआगर, गुहागर, आंजर्ले या गावांत जी घरगुती जेवणाची घरे भरभरून चालतात, त्यांचे मूळ या ओटीवरच्या पंगतीत आहे. तिथले उकडीचे मोदक, वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी हे सगळे त्याच स्वयंपाकघरातून आले.

1818 नंतर इंग्रज अधिकारी आले तेव्हा त्यांनी मात्र गावापासून वेगळ्या जागा निवडल्या. दापोली हे त्यांच्या फौजेचे ठाणे झाले. समुद्रापासून थोडे आत आणि उंचावर असल्याने तिथली हवा त्यांना मानवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. दक्षिणेकडे वेंगुर्ल्याला डचांनी सतराव्या शतकातच वखार घातली होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. इंग्रजी अमलात बेळगावच्या छावणीची रसद वेंगुर्ला बंदरात उतरून घाटाने वर जाऊ लागली. त्या वाटेवरचा टप्पा म्हणून आंबोली वसली आणि पुढे थंड हवेचे ठिकाण झाली. या काळातले मुसाफरी बंगले अधिकाऱ्यांसाठी होते. सामान्य प्रवासी धर्मशाळेत, देवळाच्या सभामंडपात किंवा नातेवाइकांकडेच उतरत राहिला.

सामान्य माणसाचा प्रवास खऱ्या अर्थाने बदलला तो आगबोटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईहून दक्षिणेकडे नियमित बोटी सुटू लागल्या. त्यांत पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले हा बंदरांचा क्रम कोकणातल्या मुलांना पाठ असे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि छापखान्यांत काम करणारा चाकरमानी याच बोटीने गावी जाई. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, बोट लागू नये म्हणून आवळासुपारी किंवा लिंबू जवळ ठेवायचे, आणि घरून आणलेल्या दशम्या सोडायच्या. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, येत. लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी उतरायचे. खलाशी आधी पोरे झेलत, मग ट्रंका, मग म्हाताऱ्यांना हात देत. पडावातून उतरून गुडघाभर पाण्यातून वाळूवर यायचे, तेही अनेकदा मध्यरात्री. पुढची बैलगाडी उजाडल्याशिवाय मिळत नसे आणि तोवर बंदरावरच्या चहाच्या टपऱ्या, धर्मशाळा आणि ओळखीच्यांच्या पडव्या हाच आसरा असे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या गावांतली बाजारपेठ बंदराला चिकटून वाढली त्यामागे ही रोजची ये-जा होती.

पावसाळ्यात दक्षिणेकडच्या या बोटी बंद असत आणि किनारा चार महिने जवळजवळ तुटून जाई. समुद्राचा धोका किती खरा होता, हे 17 जुलै 1947 रोजी दिसले. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिवस गटारी अमावास्येचा होता. सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली होती. रायगडच्या किनाऱ्यावर त्या दिवसाची आठवण अजून निघते. दक्षिणेकडची प्रवासी बोट त्यानंतरही काही दशके चालली आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस थांबली.

आज ज्याला मालवणी जेवण म्हणून जग ओळखते, त्याचा धंदा प्रथम मुंबईत उभा राहिला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. गावात मासळी विकली जाई, शिजवलेले जेवण कोण विकत घेणार? मुंबईत मात्र गिरणगावातल्या खोल्यांतून एकेकटे राहणारे हजारो पुरुष होते. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या बायका लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत खानावळी चालवत. पहाटे उठून बाजार करायचा, पाट्यावर वाटप वाटायचे, तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना वेळेवर ताट वाढायचे आणि पगाराच्या दिवशी उधारी वसूल करायची, हे सगळे एकाच बाईच्या अंगावर असे. या खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरगावात खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमासारखी माशांच्या जेवणाची हॉटेलेही नावारूपाला आली. ओल्या खोबऱ्याचे वाटप, बांगड्याच्या कालवणात तिरफळ, आमसुलाची सोलकढी, कोंबडी-वडे या पदार्थांचा एक ठरलेला ‘मालवणी’ संच झाला तो या खानावळींत आणि हॉटेलांत. किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले तेव्हा मालवणच्या बाजारात तोच संच ताटात मांडला गेला.

स्वातंत्र्यानंतर रस्ते झाले आणि एसटी आली. तिने किनाऱ्याचे तोंड समुद्राकडून महामार्गाकडे फिरवले. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आतून जातो, म्हणून चिपळूण, हातखंबा, कणकवली, कुडाळ ही गावे थांब्याची झाली आणि बंदरे आडबाजूला पडली. खेड्यांपर्यंत पोहोचली ती वस्तीची गाडी. ही एसटी रात्री शेवटच्या गावी मुक्काम करी आणि पहाटे परत निघे. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपत आणि कित्येक गावांत त्यांचे जेवण एखाद्या घरी ठरलेले असे. गणपतीपुळ्याचा आजचा विस्तारही रस्त्यामुळेच झाला. राज्य पर्यटन विकास महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले आणि त्याने पुळ्याच्या किनाऱ्यावर निवासस्थान उभारले. तोवर देवदर्शनाला येणारा माणूस पुजाऱ्यांकडे उतरत होता, तो आता समुद्र पाहायला म्हणून दोन दिवस राहू लागला.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. या दोन गोष्टींनी मालवण तालुक्याचा चेहरा बदलला. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. तो पाहायला शाळांच्या सहली पूर्वीपासून येत, पण त्या संध्याकाळी परत फिरत. तारकर्ली आणि देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या गावात, मुक्कामाला येणारा पर्यटक नवा होता. महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेखाली मच्छीमार आणि बागायतदारांनी घराला दोन खोल्या जोडल्या. रापणीचे जाळे ओढून झाल्यावर वाटणीला आलेली मासळी बाजाराऐवजी पाहुण्यांच्या ताटात जाऊ लागली आणि त्याच होड्या पाहुण्यांना त्सुनामी बेट आणि डॉल्फिन दाखवायला निघू लागल्या.

रायगडमधल्या दिवेआगरची कथा जास्त चढउतारांची आहे. गाव प्राचीन आहे. इथला शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. तरीही नारळ-सुपारीच्या वाड्यांपलीकडे गावाला कोणी ओळखत नव्हते. 1997 मध्ये एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला आणि वर्षा-दोन वर्षांत गाड्यांची रीघ लागली. हॉटेल एकही नव्हते. लोकांनी माजघरे मोकळी केली, वाडीत स्वच्छतागृहे बांधली, दारावर ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी लावली. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला आणि पर्यटकही रोडावले. तोवर मात्र समुद्र आणि जेवण यांची चटक लागलेली कुटुंबे सुवर्णगणेश नसतानाही येत राहिली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या पिढ्यांपूर्वीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात आणि त्या वर्षी कोविडच्या साथीमुळे पाहुणेही नव्हते. त्यामुळे दोन्ही उत्पन्ने एकदम बुडाली. नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना 2021 मध्ये झाली.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणवीसांच्या मूळ गावी, पर्यटन आले ते कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी अंडी उकरून नेली जात. आता वाळूत कुंपण करून ती राखली जातात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक येतात. राहणे गावकऱ्यांच्या घरी, जमिनीवरच्या अंथरुणावर. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, आमटी-भात. किनाऱ्यावरचा हा सर्वांत समंजस प्रयोग म्हणावा लागेल, कारण इथे पाहुण्यासाठी गाव बदललेले नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र सगळीकडे असे म्हणता येत नाही. उत्तरेला आगरी आणि कोळी घरांचे झणझणीत कालवण, अलिबागकडची थंडीतली पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, दाभोळ-हर्णैच्या कोकणी मुसलमानांच्या नारळाच्या रसातल्या पाककृती, दक्षिणेला आंबोळी, घावन, शिरवाळे असा हा किनारा दर वीस-पंचवीस किलोमीटरला चव पालटतो. पाट्यांवर मात्र सर्वत्र सुरमई थाळी आणि पापलेट थाळी. मागणी याच दोन माशांना असल्याने त्यांचे भाव चढतात, तर तारली, मांदेली, कालवे, तिसऱ्या या स्थानिकांच्या रोजच्या मासळीला पाहुणा विचारत नाही. जी घरे त्या दिवशी हर्णैच्या लिलावात किंवा मालवणच्या बंदरावर जे आले तेच शिजवतात, त्यांचे जेवण या किनाऱ्यावर सर्वांत चांगले असते.

प्रवासाची वाट पुन्हा समुद्राकडे वळू लागली आहे. दाभोळ-धोपावे ही गाड्या नेणारी फेरीबोट 2003 मध्ये सुरू झाली. पुढे वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या खाड्यांवरही अशा बोटी आल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जाणे प्रथमच सोपे झाले. मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट निघाली आणि अलिबाग तालुका तासाभरावर आला. तिथे आता मुक्कामी पाहुण्यापेक्षा दुसरे घर घेणारा मुंबईकर जास्त दिसतो. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. सध्या फेरीबोटीची वाट पाहत गाड्या थांबतात तिथे चहा, भजी आणि तळलेल्या मासळीची छोटी हॉटेले उभी आहेत. पूल झाल्यावर त्यांतली पुष्कळशी बंद होतील आणि गाड्या न थांबता पुढच्या गावी जातील, जसे आगबोट थांबल्यावर मुसाकाजी बंदराचे झाले.