पुस्तकांच्या जोरावर वाचक : लंडनच्या 'टाइम्स'चा बुक क्लब

वृत्तपत्राचा खप घसरू लागला की त्याच्या कचेरीत योजना जन्म घेतात. त्या योजनांपेक्षा त्यांच्यामागचा युक्तिवाद आम्हांला अधिक उद्बोधक वाटतो. वाचक आपल्याला का सोडून गेला, याविषयीची वृत्तपत्राची समजूत त्यात उघडी पडते. लंडनच्या 'द टाइम्स'ने १९०५ साली काढलेला 'टाइम्स बुक क्लब' हे या दृष्टीने एक तपासण्याजोगे प्रकरण आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ते विशेष जवळचे वाटावे, कारण वृत्तपत्र, वाचनालय, प्रकाशक आणि ग्रंथपरीक्षण अशा चौघांची त्यात एकच गाठ पडली होती, आणि ती सोडवायला न्यायालयापर्यंत जावे लागले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर अशी. १८५५ साली इंग्लंडात वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर गेला आणि त्याच वर्षी निघालेले 'डेली टेलिग्राफ' लवकरच एका पेनीला मिळू लागले. १८९६ साली अर्ध्या पेनीचे 'डेली मेल' आले. 'टाइम्स' मात्र तीन पेन्सांवर ठाम होते. १८६०च्या दशकात साठ हजारांवर असलेला त्याचा खप १९०८पर्यंत अडतीस हजारांच्या घरात आला. त्यात १८८७ सालचे पार्नेल प्रकरण. पिगटने बनावट केलेली पत्रे खरी मानून छापल्याने पत्राची अब्रू गेली, आणि चौकशी आयोगापुढील खर्चाने तिजोरीही रिती झाली. मालकी जुन्या वारसदारांत तुकड्यातुकड्यांनी वाटली गेलेली, छपाईचा व्यवसाय मात्र वॉल्टर घराण्याच्या हाती. अशा घरात नवे भांडवल कोण आणणार?

१८९०पासून व्यवस्थापक असलेले मोबर्ली बेल यांना वाट दाखवली ती होरेस हूपर या अमेरिकन पुस्तकविक्रेत्याने. १८९८ साली त्याने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ची नववी आवृत्ती, जी तोवर बरीच जुनी झाली होती, 'टाइम्स'च्या नावाने, कमी किमतीत आणि हप्त्यांवर विकून दाखवली. विक्री प्रचंड झाली. त्यातून बेल यांनी एक निष्कर्ष काढला : आपल्या नावाला बाजारात किंमत आहे, तेव्हा बातमीला जोडून दुसरे काही दिले तर वाचक येईल. पहिले विधान खरेच होते. दुसरे मात्र पहिल्यातून निघत नाही. ब्रिटानिका घेणाऱ्याने 'टाइम्स'च्या विश्वासार्हतेवर भरवसा ठेवून कोश घेतला होता. कोशाच्या ओढीने 'टाइम्स' घेतला नव्हता.

योजना अशी होती की जो वर्षभराची वर्गणी भरील त्याला क्लबच्या फिरत्या वाचनालयाचा लाभ फुकट. शिवाय वाचून झालेल्या प्रती सवलतीत विकत. आता हिशेब मांडून पाहू. तीन पेन्स, आठवड्याचे सहा अंक, वर्षाचे बावन्न आठवडे : ९३६ पेन्स, म्हणजे ७८ शिलिंग. 'टेलिग्राफ'चा वाचक वर्षाला २६ शिलिंग देत होता. मूडीच्या वाचनालयाची एका वेळी एक खंड नेण्याची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. दोन्ही मिळून ४७. या गृहस्थाने 'टाइम्स'कडे वळायचे तर त्याला 'फुकट' पुस्तकांसाठी ३१ शिलिंग जास्तीचे मोजावे लागत. हा सौदा कोणाला परवडणार? ज्याच्या घरी एका वेळी अनेक खंड लागतात त्याला. पण असा वर्गणीदार म्हणजे वाचनालयाला सर्वांत महाग पडणारा वर्गणीदार! आणि जे आधीपासूनच 'टाइम्स' घेत होते त्यांना हा सारा लाभ एकही नवा वाचक न देता मिळणार होता. आम्हांला वाटते, योजनेतली खरी खोट इथेच आहे. पुढचा कलह हे तिचे फळ होय.

(आपल्याकडे कुपने चिकटवून बादली किंवा डबा मिळवण्याच्या योजना पाहिलेल्या वाचकाला हे गणित अनोळखी वाटू नये. बादली निदान परीक्षणासाठी येत नाही, एवढाच फरक.)

कारण वाचनालयाचा हा खर्च भरून काढायचा तर दोनच मार्ग होते : प्रकाशकांकडून व्यापारी सवलतीत भरपूर प्रती घेणे आणि त्या लवकर विकून टाकणे. म्हणजे वृत्तपत्राची योजना तिसऱ्याच पक्षाच्या खिशावर उभी होती आणि त्या पक्षाची संमती गृहीत धरली होती. १ जानेवारी १९००पासून इंग्लंडात 'नेट बुक अ‍ॅग्रीमेंट' लागू झाले होते. ठरलेल्या किमतीखाली नवे पुस्तक विकू नये, असा तो करार. क्लब विकत होता ती पुस्तके 'वापरलेली' म्हणून, पण त्यांतली कित्येक कोरीच दिसत. १९०६ साली प्रकाशकांनी कराराला कलम जोडले की प्रकाशनापासून सहा महिन्यांच्या आत अशा प्रती स्वस्तात विकता येणार नाहीत. 'टाइम्स'ने नकार दिला. प्रकाशकांनी क्लबची सवलत बंद केली आणि 'टाइम्स'मधल्या जाहिरातीही काढून घेतल्या. हेच ते 'ग्रंथयुद्ध'. शॉ यांच्यासारखा लेखक क्लबच्या बाजूने उभा राहिला हे नमूद केले पाहिजे. वाचकाला पुस्तक स्वस्त मिळावे ही मागणी अन्याय्य नव्हतीच. पण वाचकाचा कैवार आणि स्वतःचा खप यांत बेल यांनी भेद ठेवला नाही.

त्याची किंमत १९०७ साली दिसली. बेन्सन आणि ईशर यांनी संपादित केलेली व्हिक्टोरिया राणीची पत्रे जॉन मरे यांनी तीन खंडांत, तीन गिनींना प्रसिद्ध केली. 'आर्टिफेक्स' या टोपणनावाने 'टाइम्स'मध्ये पत्रे आली; मरे अवाच्या सवा नफा उकळीत आहेत असा त्यांचा आरोप. मरे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि मे १९०८मध्ये ज्यूरीने त्यांना साडेसात हजार पौंड देवविले. जे पत्र पुस्तके उसनी देते, विकते, त्यांच्या प्रकाशकांशी भांडते आणि त्यांचे परीक्षणही करते, त्याच्या मतावर वाचकाने विसंबावे कसे? ज्या नावाच्या किमतीवर सारी योजना उभी होती, तेच नाव योजनेने खर्ची घातले.

त्याआधीच, मार्च १९०८मध्ये, नॉर्थक्लिफने 'टाइम्स' तीन लाख वीस हजार पौंडांना घेतले होते. त्याच वर्षी प्रकाशकांशी समेट झाला आणि क्लबने करार मान्य केला. मार्च १९१४मध्ये नॉर्थक्लिफने किंमत एक पेनी केली. महायुद्ध पेटण्यापूर्वीच खप लाखापलीकडे गेला. म्हणजे वाचक किमतीमुळे गेला होता, असे म्हणून मोकळे होता येईल. पण बेल यांच्यावर तेवढ्याने निकाल देणे आम्हांला पटत नाही. किंमत उतरवायची तर मधली तोट्याची वर्षे सोसायला भांडवल हवे. ते नॉर्थक्लिफकडे होते, बेल यांच्याकडे नव्हते. त्यांची चूक वेगळी : जी गोष्ट आपण करू शकत नाही ती करण्याची गरजच नाही, असे त्यांनी स्वतःला पटवले.

बेल १९११ साली कचेरीत, आपल्या टेबलाशीच वारले. त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९०२मध्ये, 'टाइम्स'सोबत एक फुकट पुरवणी निघू लागली होती : 'लिटररी सप्लिमेंट'. संसदेचे वृत्तांत जागा खातात आणि परीक्षणे मागे पडतात, एवढ्याच अडचणीतून ती निघाली. वर्गणीदार मिळवण्याचे काम तिच्यावर कोणी सोपवले नव्हते. १९१४ साली ती स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली, आणि आजही निघते.