जोतिबाचा गुलाल : रंग आणि त्वचा

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जो कोणी एकवार जाऊन आला असेल, त्यास तेथील गुलालाचे वर्णन ऐकविण्याचे प्रयोजन नाही. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरांवरील हे स्थान त्या दिवशी गुलाबी होऊन जाते. उंच सासनकाठ्या नाचत असतात, ‘चांगभलं’चा गजर चाललेला असतो, आणि खोबरे व गुलाल यांच्या उधळणीत देवळाच्या पायऱ्या व भाविकांचे चेहरे एकाच रंगाने माखून निघतात.

जोतिबाचे विद्यमान देवालय राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधविले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंदे यांनी १८०८ साली उभारले. त्या काळचा दगड आजही जागच्या जागी आहे. गुलालाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे नाव टिकले, मान टिकला. परंतु त्यातील द्रव्ये मधल्या काळात पार पालटली. हा पालट कसा झाला आणि त्याचा माणसाच्या कातडीशी काय संबंध आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

जुन्या पद्धतीच्या गुलालाचे घटक दोनच : एक पीठ आणि एक रंग. पीठ तांदळाचे, शिंगाड्याचे किंवा आरारूटचे असे. रंगासाठी पतंग नावाच्या झाडाचे लाकूड उकळून त्याचा तांबडा काढा त्या पिठास देत. पिठाचे कण मऊ असतात. ते घाम शोषून घेतात आणि झटकले की गळून पडतात. कुंकवाची कृतीही अशीच घरगुती होती. हळकुंडांस लिंबाचा रस व टाकणखार यांची पुटे दिली म्हणजे पिवळी हळद तांबडी होते. हळदीतील ज्या द्रव्यामुळे हे घडते, ते १८१५ साली युरोपातील रसायनज्ञांनी प्रथम वेगळे काढले. पण हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे येथील गृहिणींना ठाऊक होण्यास त्या शोधाची वाट पाहावी लागली नव्हती.

पुढे १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने तयार करण्याचा यत्न केला. क्विनीन काही साधले नाही. हाती आला तो डांबरापासून निघालेला जांभळा रंग. तीन वर्षांतच फ्रान्समध्ये मॅजेंटा हा भडक किरमिजी रंग निघाला, आणि १८८७ साली जर्मनीत ऱ्होडामाईन-बी हा झगझगीत गुलाबी रंग सिद्ध झाला. हे रंग स्वस्त होते, चिमूटभर पुरत होते आणि पतंगाच्या काढ्याहून कितीतरी उठून दिसत होते. बाजारात जुन्या रंगांचा त्यांच्यापुढे निभाव लागला नाही, यात नवल नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त गुलाबी चूर्णांत ऱ्होडामाईन-बी वारंवार आढळला आहे. हा रंग मुळात कापड व कागद यांच्यासाठी आहे. खाद्यपदार्थांत तो निषिद्ध असून, साखरेच्या गुलाबी कापसात तो सापडल्यामुळे तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांना २०२४ साली कारवाई करावी लागली.

त्वचेवर अशा द्रव्यांचा परिणाम दोन प्रकारांनी होतो. पहिला प्रकार साध्या क्षोभाचा. पिठाऐवजी शंखजिरे, खडूची पूड किंवा बारीक वाळू मिसळलेली असेल तर तिचे कठीण कण चोळताना कातडी खरवडतात; चैत्राच्या उन्हात घामाने भिजलेल्या अंगावर रंग विरघळून त्या ओरखड्यांत शिरतो आणि आग होऊ लागते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. शरीर एखाद्या द्रव्याची ओळख धरून ठेवते. पहिल्या वेळी काहीच होत नाही, मात्र पुढे तेच द्रव्य लागले की एकदोन दिवसांनी खाज व पुरळ उठते. कधी पुरळही उठत नाही, नुसता काळसर डाग पडत जातो. जपानमध्ये प्रसाधनांतील काही तांबड्या रंगांमुळे चेहरे असे काळवंडल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघडकीस आले. आपल्याकडे कृत्रिम रंगाच्या कुंकवाने कपाळावर पडणारा डाग त्याच जातीचा होय.

तथापि जुने ते सारे निर्धोक आणि नवे ते सारे घातक, असा निष्कर्ष काढणे न्याय्य ठरणार नाही. शेंदूर हा फार जुना पदार्थ. पण तो शिशाचा ऑक्साइड आहे. अखंड कातडीतून तो फारसा आत जात नाही. बोटांवाटे तोंडात मात्र जातो, आणि लहान मुलांना त्यापासून सर्वांत अधिक अपाय संभवतो. शिसे व सोमल यांचे रंग प्रसाधनांत वापरण्यास कायद्याने बंदी आहे. १९४० च्या औषधविषयक कायद्यात प्रसाधनांचा अंतर्भाव १९६२ च्या दुरुस्तीने झाला. उलटपक्षी, हळद इतकी सोज्ज्वळ, तरी तिचेही वावडे असणारी माणसे आहेत. तेव्हा पदार्थाचे वय किंवा कुळ न पाहता, तो कातडीवर काय करतो हेच पाहिले पाहिजे.

यात्रेकरू एक दिवस गुलालात न्हातो आणि घरी परततो; देवळातील पुजारी आणि गुलालाचे दुकानदार यांचा मात्र त्याच्याशी नित्याचा संबंध येतो. शुद्ध गुलालाचा आग्रह धरावयाचा तो प्रथम त्यांच्यासाठी. यात्रेकरूने स्वतःपुरते सांभाळावयाचे ते थोडेच आहे. निघण्यापूर्वी अंगास खोबरेल चोळावे, म्हणजे रंग थेट कातडीस भिडत नाही. परतल्यावर अंगावरचा गुलाल प्रथम कोरडाच झटकावा, कारण पाणी पडताच रंग सुटतो व अंगात मुरतो. मग सौम्य साबणाने धुवावे. दगडाने घासू नये, आणि रंग काढण्यास रॉकेल तर मुळीच लावू नये.

देवास वाहिलेला गुलाल भक्ताच्या माथी प्रसाद म्हणून येतो. जो प्रसाद तान्ह्या मुलाच्या कपाळीही लावावयाचा, तो त्याला सोसेल असाच असला पाहिजे. एवढी अपेक्षा श्रद्धेला सोडून नाही आणि शास्त्रालाही सोडून नाही.